गिरणीची मांजरं

माधवनगर,
८ ऑगस्ट १९४६

लाला,

पलटण सुटली आन तुजी माजी गाठच न्हाई गड्या. मी हितं सुताच्या गिरणीत वाचमन लागलोय. गेटाला लागून एक खोली दिलीया, त्यात मी आन धोंडुबाई. खाकी कपडं गिरणीचं, सलाम तेवढा अजून पलटणीतला. हे झालं माजं.

आता काम सांगतो. गिरणीच्या रुईच्या गुदामात मांजरं लय हायत. कुणी आणली न्हाईत, उंदरांच्या मागनं आली आन ऱ्हायली. गठ्ठ्यावर घाण करत्यात म्हणून मॅनेजरसायबानं हुकूम काढला, समदी गोणीत भरायची आन नदीपल्याड सोडायची. हुकूम मला. मी गोणी घिऊन गेलो तर निम्मी मांजरं आजारी. डोळं चिकटल्यालं, नाकं वाहत्यात, सारखी शिंकत्यात. एक पिल्लू चाचपडत आलं आन माज्या बुटावर बसलं. डोळं मिटल्यालंच. त्येला वाटलं आसंल, आय आली. कृष्णा तर काठोकाठ वाहतीया. तिथं आसलं जनावर सोडणं म्हंजी मारणंच की. मी गोणी घडी घालून परत आलो.

स्टोअरमधी अण्णा म्हणून कारकून हायत, सांगलीचं, भला माणूस. त्येंनी सायबाला पटवलं, की वाचमन मांजरं हळूहळू बाहीर काढंल, दसऱ्यापत्तूर गुदाम मोकळं हुईल. मागची पत्र्याची खोली मला वापराय दिली. तवा दसऱ्याच्या आत ही बरी करायची आन चांगली घरं बघून द्यायची. न्हाईतर गोणी हायच.

तू खेचरांच्या पलटणीत साळुत्र्याच्या, जनावरांच्या डाक्टराच्या, हाताखाली काम केल्यालं. इटलीच्या त्या चिखलात आमची रसद वर यायची ती तुज्या हातानं उभी केल्याल्या खेचरांच्या पाठीवर. तवा औषध कळीव. लवकर कळीव. धोंडुबाई म्हणती मी लढाईतनं धड आलो पर डोकं तिकडंच इसरलो.

वहिनींना नमस्कार. त्येंचं म्हायेर बुधगाव हितनं हाकेवर हाय. कवा आल्या तर आमच्याकडं पाठीव.

तुजा
हंबीरराव


अपशिंगे,
१४ ऑगस्ट १९४६

हंबीरा,

पत्र पावलं. तू हायस आन खातोपितोस हे कळलं, बरं वाटलं.

मांजर म्हंजी खेचर न्हवं. तरी ऐक. आजारी आन चांगली येगळी कर, आधी चांगल्यांना हात लावायचा, मंग आजाऱ्यांना. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून मऊ फडक्यानं डोळं भिजव. खरवडू नगंस, भिजत ठेव, आपसूक सुटतं. एका मांजराचं फडकं दुसऱ्याला न्हाई. फडकी रोज उकळायची. मिरजेत बोरिकची पूड मिळंल ती आण.

खात न्हाईत ती नाक चोंदलंय म्हणून. मांजराला वास आल्याबिगर भूक लागत न्हाई. सुकट उकळ आन कोमट पाणी नाकाला लाव. चाटलं की जिंकलास. थंडी लागू देऊ नगंस. गिरणीत रुईचा कचरा फुकट मिळंल, त्यो आंथर.

मी आता जनावराचं काम करत न्हाई. खेचरं तिकडंच सोडून बोटीत बसलो, तवापास्नं कुठल्या जनावराला हात लावावा वाटंना. आमचा बैल सुदिक आईच सोडती-बांधती. तू इचारलंस म्हणून सांगितलं.

घरी समदं बरं हाय. अंजना बरी हाय.

लाला


माधवनगर,
२७ ऑगस्ट १९४६

लाला,

तुजं कार्ड वाचून वाचून मऊ झालंय. धोंडुबाईला वाचता येत न्हाई, पर तिला समदं पाठ हाय. मी जरा चुकलो की म्हणती, लालाभावजींनी आसं सांगितलं न्हाई.

पैल्यापास्नं सांगतो. मी एकटाच करत हुतो. मांजर धरायचं का डोळं धुवायचं, दोन हातांत जमंना. माजं हात बघ, करवंदीच्या जाळीत घातल्यागत झाल्यात. धोंडुबाई दारात उभी ऱ्हाऊन बघायची आन नाकाला पदर लावायची. सुकटीचा वास गेटापत्तूर जायचा. पाळीवर येणारी माणसं मला इचारायची, वाचमन, आज काय बेत?

त्यातच ते बुटावरचं पिल्लू गेलं. लय बारकं हुतं रं. सकाळी बघितलं तर रुईत गार पडल्यालं. मी ते बाहीर घिऊन आलो तर धोंडुबाईनं माज्या हातातनं घेतलं. लिंबाखाली खड्डा काढला, पुरलं, हात धुतलं, पदर खोचला आन थेट पत्र्याच्या खोलीत शिरली. म्हणाली, बाकीची आता माजी. तवापास्नं मी नुसता हमाल.

आन काय सांगू, तिच्या हातात मांजर गप बसतं. जुन्या लुगड्याच्या धांदोट्यात ती एकेकाला लहान लेकरागत गुंडाळती, तोंड तेवढं बाहीर, आन डोळं भिजवत बसती. परवा एका पांढऱ्या बोक्याचं डोळं उघडलं. त्येनं पैल्यांदा धोंडुबाईला बघितलं आन फिसकारला. धोंडुबाई हसून हसून खाली बसली. लगीन झाल्यापास्नं मी तिला इतकी हसताना बघितली नव्हती.

आता समदी खात्यात. पर दोघांच्या कानामागं केस गेल्यात आन खपल्या धरल्यात. खाजवून रगात काढत्यात. ह्येला काय?

वहिनींचं काय चाललंय? दोन ओळी त्येंच्या हातच्या घाल की पत्रात.

हंबीरराव


अपशिंगे,
२ सप्टेंबर १९४६

हंबीरा,

ती खरूज. करंजाच्या तेलात गंधकाची पूड खलव, खपल्यांवर पातळ लाव. वर कापड बांध, चाटलं तर पोटात जाईल. तुमी दोघंबी हात साबणानं धुवा, न्हाईतर तुमीच खाजवाय लागशीला.

पिल्लू गेलं त्येचं मनाला लावून घिऊ नगा. डोळं मिटल्यालं जनावर ज्येच्यापाशी उबंला आलं, तिथंच गेलं.

घरं बघशील ती नीट बघ. नुसतं उंदरासाठी मागत्यात ते उपाशी ठिवत्यात, म्हणत्यात भुकेलं मांजर उंदीर मारतं. ते खोटं हाय. ताकदीचं मांजरच शिकार करतं. नव्या घरी नेलं की चार दिस कोंडून ठिवाय सांग. खाणं तिथंच, निजणं तिथंच. चार दिसांनी दार उघडलं तरी जात न्हाई.

अंजना शेतावर गेलीया. भुईमुगाची भांगलण हाय.

लाला


माधवनगर,
२५ सप्टेंबर १९४६

लाला,

आधी चांगलं सांगतो. मांजरं निघाली. पैली रेशनच्या दुकानात गेली. दुसरी मिरजेला तंबोरं करणाऱ्या एका कारागिराकडं. त्येच्या वाळत घातल्याल्या भोपळ्यांना उंदीर भोकं पाडत हुतं, बिचारा हातातलं काम टाकून रेल्वेनं आला. अण्णांनी पांढरा बोका घरी नेला. म्हणत हुतं बायको आत घेणार न्हाई, आता सांगत्यात बोका बायकोच्या उशापाशी निजतो आन अण्णा सोप्यात.

द्यायचं का न्हाई ते धोंडुबाई ठरवती. येईल त्येला एकच इचारती, मांजर आडवं गेलं तर काय करतोस? एक जण म्हणाला, थुकतो आन मागं फिरतो. त्येला हाकलला. रेशनवाला म्हणाला, थांबतो, ते जाईपत्तूर. त्येला सगळ्यात देखणी मांजरी मिळाली.

आता दुसरं सांगतो. बस आन वाच.

परवा बुधगावची एक बाई आली. डोईवर पदर, हातात झाकणाची टोपली. म्हणाली, मांजर द्यायची ऐकलं. मी वळखलं. तिनंबी मला वळखलं. लाला, ती अंजना वहिनी. तू लिवतोस शेतावर गेलीया. शेत काय बुधगावात घेतलंस व्हय रं?

धोंडुबाईनं त्येंना आत नेलं, च्या दिला. तवा समजलं. पाडव्यापास्नं त्या म्हायेरी, भावाच्या, भाऊसोच्या घरी हायत. त्येंनी तुज्याबद्दल एक वाईट शब्द काढला न्हाई. इतकंच म्हणाल्या, हे दिसभर कट्ट्यावर बसायचे, बोलायचे न्हाईत. एक दिस म्हणाले, तुला हितं करमत नसंल तर जा म्हायेरला. मी आले. मला वाटलं, चार दिसांत न्यायला येतील.

मंग धोंडुबाईनं तिचा सवाल केला, मांजर आडवं गेलं तर काय करता? वहिनी म्हणाल्या, मी म्हणते, ये बाई, तू तरी ये. धोंडुबाईनं तीन रंगांची मांजरी उचलली आन टोपलीत ठिवली. तिला आमी कवडी म्हणतो.

जाताना वहिनींनी इचारलं, ह्या मांजरांना औषध कुणी सांगितलं? मी म्हणालो, अपशिंग्यात एक जण हाय, त्येनं. त्या म्हणाल्या, तरीच बरी झाली. आन गेल्या.

मी तुला काय शाणपण शिकवत न्हाई. जे बघितलं ते लिवलं.

हंबीरराव


अपशिंगे,
१२ ऑक्टोबर १९४६

हंबीरा,

लय दिस झालं, लिवाय बसलो की हात थांबायचा.

कवडीला चार दिस कोंडून ठिवली हुती का? खाती का नीट? म्हायेरच्या घरात कुत्रं हाय, भाऊसोचं, मोठं काळं. त्येला बांधत्यात का? ती निजती कुठं? तिथं थंडी लवकर पडती, खाली काय आंथरत्यात का? कुणी वरडत न्हाई ना?

मी जा म्हणालो ते तिला हाकलाय न्हाई म्हणालो. मला वाटलं, हिला हितं तरास हुतोय, माजं तोंड बघून बघून. म्हायेरी तरी हसंल. ती गेली तशी चार दिसांत परत आली न्हाई, तवा म्हणालो, मला वाटलं ते बरोबरच. आता मी कंच्या तोंडानं जाऊ?

आईला हे काय सांगू नगंस. ती रोज इचारती, कवा आणतोस.

लाला


माधवनगर,
२० ऑक्टोबर १९४६

लाला,

तुजं पत्र घिऊन मी आन धोंडुबाई बुधगावला गेलो. मी तुजं सवाल एकेक वाचलं, मांजराचं. पुढचं वाचलं न्हाई, ते तुजं तू बोल.

जबाब असं. कोंडून ठिवली हुती. खाती, पर हातानं भरवलं तर जास्त खाती. काळं कुत्रं बांधत न्हाईत, कवडीनंच पैल्या दिशी त्येच्या नाकावर दिली, आता ते तिला वाट देतं. निजती वहिनींच्या वाकळंत. वरडत कुणी न्हाई. भाऊसो जरा कुरकुरतो, पर त्येच्या ज्वारीच्या कणगीत औंदा उंदीर न्हाई म्हणून गप हाय.

हे सांगून झालं तरी वहिनी माज्या हातातल्या कागदाकडं बघत ऱ्हायल्या. म्हणाल्या, इतकं सगळं इचारलंय व्हय? कट्ट्यावर बसून इतकं बोलत न्हवते. आन आत गेल्या. धोंडुबाई मागनं गेली. ती म्हणती वहिनी रडत न्हवत्या, हसत हुत्या. पर पदर डोळ्याला हुता. तूच काय ते समज.

गिरणीची गंमत ऐक. दसऱ्याला गुदाम मोकळं झालं, सायब खूश. आठवडा गेला न्हाई तर उंदरांनी गठ्ठ्यात घरं केली, यंत्राच्या पट्ट्यांची चामडी कुरतडली. सायबानं अण्णांना बोलवलं आन हळूच इचारलं, वाचमनकडं दोन मांजरं शिल्लक आसतील का? अण्णा म्हणाले, हायत, पर त्येच्या बायकोला इचारावं लागंल. सायब स्वतः आला. धोंडुबाईनं त्येलाबी तोच सवाल टाकला. सायब म्हणाला, बाई, आता मीच बाजूला होईन. दोन मांजरं गिरणीत परत गेली, कॅंटीनमधनं दूध चालू झालंय.

एकच ऱ्हायलाय, एका डोळ्याचा काळा बोका. त्येला कुणी घेत न्हाई.

हंबीरराव


तार
माधवनगर, ३० ऑक्टोबर १९४६

कवडी आजारी. ताबडतोब ये. हंबीरराव.


अपशिंगे,
१८ नोव्हेंबर १९४६

हंबीरा,

तू स्टेशनात घ्यायला आलास, बुधगावच्या रस्त्यापत्तूर आलास आन माजी ड्यूटी हाय म्हणून मागं फिरलास. त्या दिशी तुजी ड्यूटी न्हवती, मला ठावं हाय. म्हणून पुढचं तुला नीट कळलं न्हाई. जाताना गाडीच्या गडबडीत बोलणं झालं न्हाई. ते आता लिवतो.

आधी तारेचं. अपशिंग्यात तार म्हंजी काय, तुला सांगाय नगं. घरटी माणूस पलटणीत. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला तशी बायका दारात आल्या. आई कट्ट्यावर मटकन बसली, म्हणाली, आता कोण ऱ्हायलंय माजं? शाळेच्या मास्तरानं तार उघडली, इंग्रजीत वाचली, परत वाचली. म्हणाला, कवडी म्हणून कुणी आजारी हाय, लगेच या. समद्या गल्लीनं माज्याकडं बघितलं. मी म्हणालो, मांजर हाय. कुणी हसंना का रडंना. आईनं इचारलं, कुणाची? मी म्हणालो, अंजनाची. ती उठली आन भाकरी थापाय बसली. माज्या वाटंची.

माळ्यावरची पलटणीतली पेटी काढली. चाकू गंजला हुता, त्यो घासला. रहिमतपूरला गाडी धरली.

बुधगावात दारात भाऊसो हुता. त्यो या म्हणाला न्हाई, नगा यिऊबी म्हणाला न्हाई, बाजूला झाला. आत सोप्यात अंजना कवडीला मांडीवर घिऊन बसली हुती. वाळलीया. कवडी न्हवं, अंजना. मी उंबऱ्यात उभा ऱ्हायलो.

ती म्हणाली, "मांजरासाठी आला?"

मी म्हणालो, "व्हय."

"मंग आधी तिचं बघा."

कवडीला गावातल्या एका बोक्यानं चावल्यालं. जबड्याखाली आवाळ्यायेवढं गळू. तोंड उघडंना, तीन दिस पोटात काय न्हाई. मी हात पुढं केला आन तसाच ऱ्हायलो. बोटीत बसल्यापास्नं जनावराला हात लावला न्हवता. अंजनानं ते बघितलं. तिनं कवडीला जरा माज्या बाजूला सरकवलं, इतकंच. मी हात ठिवला. ताप फणफणल्याला, बरगड्या लागत्यात, आन आत काळीज पाखरागत उडतंय. मंग माजा हात आपला आपण कामाला लागला गड्या. पाणी तापवाय सांगितलं, चाकू उकळला, जवसाचं पोटीस बांधून गळू मऊ केलं. अंजनानं तिला लुगड्याच्या घडीत गुंडाळून धरलं. एक चीर दिली. काय निघालं ते लिवत न्हाई, तुमी जेवत आसशीला. लाल औषधाच्या पाण्यानं आतनं धुतलं. कवडीनं मला मनगटापास्नं कोपरापत्तूर ओरबाडलं. तिच्यात तेवढी ताकद हाय हे बघून मला लय बरं वाटलं.

सांजच्याला तिनं सुकटीचं पाणी चाटलं. मी आन अंजना दोघंबी तिच्या जिभंकडं बघत बसलो हुतो. मंग अंजना म्हणाली, "मांजराचं झालं. आता?"

मी म्हणालो, "आता तुज्यासाठी आलोय. मला वाटलं तुला जायचं हाय, म्हणून जा म्हणालो."

ती म्हणाली, "आन मला वाटलं तुमाला घालवायचं हाय. दोघांनीबी एकमेकाला इचारलं आसतं तर पाडव्यालाच मिटलं आसतं की."

त्यावर मला हसू आलं. तिलाबी. भाऊसो आतनं बघाय आला, काय झालं म्हणून.

जखम भरंपत्तूर आठ दिस ऱ्हायलो. रोज धुवायची, रोज ओरबाडून घ्यायचं. तवर गावात कळलं, जावई जनावराचा डाक्टर हाय. कुणी लंगडी शेळी आणली, कुणी कान सडल्यालं कुत्रं. भाऊसो सगळ्यांना रांगंत बसवायचा, जणू दवाखाना त्येचाच. परतीच्या गाडीत आमी तिघं आलो, कवडी टोपलीत. स्टेशनात धोंडुवहिनी तिच्याशी काय बोलत हुत्या ते मी ऐकलं न्हाई, पर टोपली सोडवंना त्येंना, हे बघितलं.

घरी आईनं दोघींवरनं भाकरतुकडा ओवाळला. मांजरावरनं पैला.

कवडी चार दिस कोंडून ठिवली, आता मोकळी हाय. कुठं जात न्हाई. त्यो एका डोळ्याचा काळा बोका कुणी नेला नसंल तर हिकडं आण. तू स्वतः आण, धोंडुवहिनींना संगट घिऊन. पौषात सुट्टी काढ, हुरडा हाय. आजून ज्यांना कुणी घेत न्हाई आसं काय आसंल तर तेबी आण. सोप्याच्या कडंला मी आन आईनं कुडाची खोली बांधाय घेतलीया, आजारी जनावरांची. औंदा आपल्याकडं

*

हंबीरभावजी आन धोंडुबाईंस अंजनाचा नमस्कार.

पत्र अर्धंच ऱ्हायलं म्हणून मी पुरं करते. मी चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर सांभाळून घ्या. दिवस उगवायला खालच्या आळीचा अर्जुना पळत आला. त्याची म्हैस अडलीया, रेडकू आडवं आलंय म्हणाला. ह्यांनी टाक तसाच ठेवला, शाई सांडली बघा कागदाच्या कडेला, आन बाह्या वर करत गेले. पायात वहाणासुदिक घातल्या न्हाईत. सासूबाई मागनं कोमट तेलाची वाटी घेऊन गेल्या.

औंदा आपल्याकडं काय, ते काय लिहिणार व्हते मला ठावं न्हाई. हुरडा म्हणा, ज्वारी म्हणा. तुमी आलात की इचारा.

हे लिहिता लिहिता आळीतनं गलका आला. शेजारची बयाबाई सांगत आली, रेडकू सुटलं, पायावर उभं ऱ्हायलं, म्हैस चाटाय लागलीया. आता हितं चुलीपाशी मला सगळ्यांच्या आवाजात एक आवाज येगळा येतोय. तिकडं चिखलात बसून हे मोठ्यानं हसत्यात.